शेजारचा पडका वाडा: आधी भिंत, मग मालकी

प्रश्न थोडक्यात असा आहे. पुण्यात नारायण पेठेत एका तीन मजली सोसायटीच्या शेजारी, अडीच फुटांच्या बोळापलीकडे, जुना वाडा आहे. पुढची बाजू आठ-नऊ वर्षं कुलपात आहे आणि मागच्या खोल्यांत दोन भाडेकरू राहतात. सोसायटीकडच्या भिंतीला पोट आलंय, तिच्यातून पिंपळ वर आलाय, चौकात कचरा आणि पाणी साचतं. मालक तीन भाऊ, त्यांतला एक अमेरिकेत, आपसात बोलणं नाही. क्षेत्रीय कार्यालयात दोन अर्ज देऊन झाले, उत्तर नाही. एका बिल्डरने सोसायटीला सांगितलंय, "पाडायला लावा, मग आपण बघू." विचारणाऱ्या ताईंना कळत नाहीये की सुरुवात कुठून करायची.

ताई, तुमच्या या एका प्रश्नात तीन प्रश्न गुंतलेत. भिंत पडेल का, हा एक. घाण आणि डास, हा दुसरा. वाडा कोणाचा आणि त्याचं पुढे काय, हा तिसरा. घाणीचं काम काही दिवसांत होतं, भिंतीचं काही आठवड्यांत व्हायला हवं आणि मालकीला वर्षं लागतात. मी एकतीस वर्षं पेठांमध्ये स्ट्रक्चरल इंजिनिअर म्हणून काम करतोय. जिथे जिथे माणसं अडकून पडलेली पाहिली, तिथे त्यांनी मालकीची गाठ सुटेपर्यंत भिंतीला हात लावलेला नव्हता. भावांचं जुळू दे, मग बघू, असं म्हणता म्हणता चार पावसाळे जातात. म्हणून मी भिंतीपासूनच सुरू करतो.

वाड्याची भिंत तुमच्या सोसायटीच्या भिंतीसारखी नसते. खाली दगडी जोतं, त्यावर सागवानी खांब आणि तुळयांचा सांगाडा, आणि सांगाड्याच्या मधे भरलेलं बांधकाम. बाहेरून भाजकी वीट दिसते, आत बहुतेक वेळा कच्ची वीट नाहीतर नुसती पांढरी माती. वरचा भार मुख्यतः लाकूड पेलतं. ही रचना कोरडी राहिली तर दीडशे वर्षंही टिकते, मी टिकलेली पाहिली आहे. तिला मारतं ते पाणी. एक कौल सरकतं, वासा भिजतो, पाणी भिंतीच्या माथ्यातून आत उतरतं. आतली माती फुगते, बाहेरचा विटांचा थर तिच्यापासून सुटतो आणि भिंतीला पोट येतं. त्याच वेळी ओल्या भिंतीत बसलेली तुळयांची टोकं कुजत असतात. चौकातून बघितलं तर तुळई धडधाकट दिसते, पण भिंतीत जाते तिथे स्क्रू ड्रायव्हर टोचला की भुसा बाहेर येतो. पोट डोळ्यांना दिसतं, कुजलेलं टोक दिसत नाही. मला भीती वाटते ती टोकाची.

तुमच्या पेठेत आणखी एक गोष्ट बघायला हवी. १२ जुलै १९६१ ला पानशेतचं धरण फुटलं तेव्हा नदीकाठच्या पेठांतले कितीतरी वाडे बसले, आणि जे उभे राहिले त्यांची पुढे मिळेल त्या सामानाने डागडुजी झाली. त्यात आणि नंतरच्या दुरुस्त्यांत मातीच्या भिंतींना खालून चार-सहा फूट सिमेंटचा गिलावा मारलेला खूप ठिकाणी सापडतो. माती आणि चुन्याची भिंत ओल घेते तशी सोडतेही. वरून सिमेंट मारलं की ओल आत कोंडते आणि वर चढते. तुमच्याकडच्या भिंतीचं पोट सिमेंट संपतं तिथूनच सुरू होत असेल, तर कारण बरंचसं तिथेच आहे.

आता तुम्ही करण्यासारखं काम. वाड्यात शिरू नका, बोळातही उभ्या राहू नका. तुमच्या गच्चीवरून एखाद्या अनुभवी गवंड्याला घेऊन त्या भिंतीच्या कडेने ओळंबा सोडा. माथ्याशी, पोटाशी आणि जोत्याशी दोरीपासून भिंत किती इंच आहे ते लिहून ठेवा. कोरड्या दगड-विटेच्या भिंतीचा माथा तिच्या जाडीच्या एक तृतीयांशाहून जास्त बाहेर गेला, की वजनाची रेषा भिंतीच्या मधल्या भागातून बाहेर पडते. अठरा इंची भिंतीला हे सहा इंच होतात. मातीच्या भरावाच्या भिंतीला मी सहापर्यंत थांबत नाही, तीन इंचांनाच टेकू मागतो. हा माझा ठोकताळा आहे, नियम नाही. पण एकदा मोजण्यापेक्षा पंधरा दिवसांच्या अंतराने तीनदा मोजणं फार मोलाचं. भिंत वीस वर्षांपूर्वी वाकून स्थिर झालेली असते, किंवा ती आत्ता चालत असते. दोन्हींचं दिसणं सारखंच, उपाय मात्र वेगळे. तुमच्या खिडकीतून भेगा दिसत असतील तर रोज एकाच जागेवरून फोटो काढा आणि तारीख टाका. पुढे हीच वही तुमचा सगळ्यात मजबूत कागद ठरेल.

आणि हे वाचून कदाचित राग येईल, पण तुमच्या स्वतःच्या इमारतीचं स्ट्रक्चरल ऑडिट झालंय का? महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमात कलम २६५-अ आहे. त्यानुसार तीस वर्षं झालेल्या इमारतीची तपासणी महापालिकेकडे नोंदणी असलेल्या स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून करून घेणं मालकावर किंवा राहणाऱ्यांवर बंधनकारक आहे. नारायण पेठेतल्या तीन मजली सोसायट्या बहुतेक त्या वयाच्या आहेतच. शेजाऱ्याविरुद्ध अर्ज करण्याआधी आपलं ऑडिट हातात असणं शोभून दिसतं, हे एक झालं. दुसरं जास्त कामाचं आहे. उद्या वाडा उतरवताना किंवा तिथे पाया खणताना तुमच्या भिंतीला भेग गेली, तर ती आधी नव्हती हे दाखवायला तारखेनिशी अहवाल लागेल. त्याशिवाय कुणीही भरपाई देत नाही.

आता अर्ज. तुमचे आधीचे दोन अर्ज मी वाचले. दोन्हींत वाडा "धोकादायक" आहे, तो "पाडावा", आणि डास, उंदीर, दारू पिणारी पोरं, सगळं एकत्र लिहिलंय. असा अर्ज टेबलांवरून फिरत राहतो, कारण तो कुणा एकाचा नसतो. वेगळे अर्ज करा. कचरा आणि डासांचा आरोग्य निरीक्षकाकडे. झाडाचा उद्यान विभागाकडे. भिंतीचा क्षेत्रीय कार्यालयातून बांधकाम विभागाकडे, आणि त्यात फक्त भिंत.

भिंतीच्या अर्जात त्याच महानगरपालिका अधिनियमाच्या कलम २६४ चा उल्लेख करा. मोडकळीला आलेल्या किंवा पडू शकणाऱ्या बांधकामाबद्दल आयुक्त मालकाला किंवा राहणाऱ्याला नोटीस देऊ शकतात, आणि त्याने काही केलं नाही तर महापालिका स्वतः काम करून खर्च वसूल करू शकते. हे कलम पाडण्याइतकंच सुरक्षित करण्याचं आणि दुरुस्तीचंही आहे, हे बहुतेकांना माहीत नसतं. म्हणून अर्जात स्पष्ट लिहा: स्थळपाहणी करावी, भिंतीला तातडीने टेकू देऊन ती सुरक्षित करण्याची नोटीस द्यावी, आणि तोपर्यंत बोळ बंद करून अडथळे लावावेत. "पाडा" म्हटलं की भाडेकरू, मालक, वकील सगळे उभे राहतात आणि फाइल थांबते. "टेकू द्या" म्हटलं तर विरोध करायला कुणाकडे कारण नसतं. सोबत ओळंब्याची मापं, फोटो आणि शक्य असेल तर एका नोंदणीकृत इंजिनिअरचं बाहेरून पाहून दिलेलं पानभर मत जोडा. आवक क्रमांक घ्या. महिनाभरात हालचाल दिसली नाही तर माहिती अधिकारात फक्त एवढंच मागा: या आवक क्रमांकावर काय कार्यवाही झाली आणि पाहणी अहवालाची प्रत. त्यालाही तीस दिवसांची मुदत असते, म्हणून मे महिन्यात जागे होऊ नका. हे सगळं दिवाळीनंतर सुरू करायचं काम आहे.

महापालिका हललीच नाही तर आणखी एक दार आहे, ते फारसं कुणी वापरत नाही. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १५२, म्हणजे जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेचं १३३. पडून शेजाऱ्यांना किंवा येणाऱ्या-जाणाऱ्यांना इजा होईल अशी इमारत किंवा झाड असेल, तर कार्यकारी दंडाधिकारी ते काढण्याचा, दुरुस्त करण्याचा किंवा आधार देण्याचा सशर्त आदेश काढू शकतात. यासाठी वकील घ्या.

पाहणी झाली की वाड्याला श्रेणी मिळेल. सी-१ म्हणजे राहण्यास अयोग्य, ताबडतोब रिकामा करायचा. सी-२अ म्हणजे रिकामा करून मोठी दुरुस्ती किंवा काही भाग उतरवणं. सी-२ब म्हणजे माणसं आत असताना दुरुस्ती शक्य. सी-३ म्हणजे किरकोळ. इथे मला मनापासून सांगायचंय की सी-१ साठी जोर लावू नका. तुमचं वर्णन वाचून मला पुढची बाजू वाईट आणि मागची बरी वाटते. वाडे खणाखणांनी (खण म्हणजे दोन खांबांमधला गाळा) बांधलेले असतात, चार खण उतरवून बाकीचे राखता येतात.

सोळा-सतरा वर्षांपूर्वी कसब्यातल्या एका वाड्याला मी एकाच भेटीत सर्वांत कडक शेरा दिला. तांत्रिकदृष्ट्या तो चुकीचा नव्हता. वाडा रिकामा झाला, उतरवला गेला. मागच्या दीड खोलीत एक आजी राहत होत्या, चाळीस वर्षांच्या भाडेकरू. त्यांच्या खोलीचं माप कुणीच लेखी घेतलं नाही. मीही नाही, आणि माझ्या हातात तर तेव्हा टेप होता. पुढे नवी इमारत झाली तेव्हा त्यांची जागा किती होती यावर वाद झाला आणि त्या वादात त्या गेल्या. तेव्हापासून मी भाडेकरूंच्या जागेची मापं घेतल्याशिवाय अहवालावर सही करत नाही.

म्हणून बिल्डरच्या त्या वाक्याकडे परत येतो. वाडा पाडला की भाडेकरू संपले, असं धरून तो बोलत असेल तर ते खरं नाही. इमारत महापालिकेने पाडली तरी भाडेकरूचा हक्क त्यामुळे आपोआप जात नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये स्पष्ट केलंय. मागच्या दोन कुटुंबांना हे तुम्हीच जाऊन सांगा. भाडेपावत्या, विजेची बिलं, जुनी रेशनकार्डं एका पिशवीत आणि पिशवी वाड्याबाहेर नातेवाइकांकडे. खोलीचं माप, नकाशा, फोटो, त्यावर जमल्यास मालकांपैकी एकाची सही. हे झालं की ते तुमच्या विरोधात राहणार नाहीत. तुमच्या अर्जाने आपलं घर जाणार, या भीतीनेच ते आत्ता गप्प आहेत.

त्यांनी दुरुस्ती का केली नाही, असंही तुम्ही विचारलंय. भाडे नियंत्रण कायद्यात मालकाने दुरुस्ती केली नाही तर पंधरा दिवसांची नोटीस देऊन भाडेकरूला ती करता येते आणि खर्च भाड्यातून वळता करता येतो. पण वर्षाच्या भाड्याच्या चौथ्या हिश्श्यापर्यंतच. महिना पन्नास रुपये भाडं धरा, वर्षाचे सहाशे, त्यातले दीडशे. दीडशे रुपयांत चौकावर घालायची ताडपत्रीसुद्धा येत नाही. आणि तेवढ्याच भाड्यात मालकाने तरी काय करायचं? वाडा कुणा एकाच्या आळसाने पडत नाही. भाडं गोठलेलं, वारस वाढलेले, प्लॉट अरुंद, आजूबाजूला सोडायची जागा सोडली की बांधायला उरतं थोडं. मालकांशी बोलताना हे मनात ठेवा, आवाज आपोआप खाली येतो.

मालकांपर्यंत जायचं तर आधी ते कोण हे कागदावर बघा. पेठांत सातबारा नसतो, सिटी सर्व्हेचं मालमत्ता पत्रक असतं. ते ऑनलाइन मिळतं. त्यावर बहुधा आजोबांचंच नाव असेल. मिळकतकराच्या बिलावर कुणाचं नाव आहे आणि कर कोण भरतोय, हे त्याहून बोलकं. कर भरणारा भाऊ म्हणजे वाड्यात अजून जीव असलेला भाऊ. आणि बहीण आहे का, ते विचारा. तीन भाऊ म्हणून सांगितलेल्या वाड्याला बहीण निघाली, असं माझ्याकडे किती वेळा झालंय! तिचा हिस्सा असतोच, शिवाय भावांत बोलणं नसताना तिघांशीही बोलणारी तीच असते. कोथरूडला किंवा सिंहगड रोडला राहणारी, फोन उचलणारी.

तिच्याकडे विकण्याचा, पाडण्याचा विषय काढू नका. एकच मागणं मागा: पुढच्या बाजूला ताडपत्री घालायला, भिंतीला टेकू द्यायला आणि चौक साफ करायला लेखी परवानगी. या परवानगीने कुणाच्याही मालकी हक्काला बाधा येत नाही, असं त्याच कागदावर लिहा. खर्च सोसायटीने केला तरी चालेल, पुढे मागता येतो. तो परत मिळाला नाही, तरी भिंत पडण्यापेक्षा स्वस्तच आहे. अमेरिकेतल्या भावाची संमती ईमेलवरही सुरुवातीला पुरते. विक्री किंवा वाटणीची वेळ आली तर तिथल्या भारतीय वकिलातीतून मुखत्यारपत्र करून पाठवावं लागेल. ते पुढचं.

टेकू देताना एक चूक सगळीकडे होते. सेंटरिंगवाला येतो, जॅक लावतो आणि घट्ट बसावा म्हणून हातोडा मारतो. फुगलेल्या भिंतीला तो हातोडाच पुरतो. आधी भिंतीला जाड सागवानी फळी उभी लावायची, धिरे, म्हणजे आधाराचे वासे, तिरके, खाली लाकडी ओंडक्यावर टेकलेले, आणि पाचरी हाताने सरकवायच्या. धिऱ्याने भिंत मागे ढकलायची नसते, फक्त पुढे येऊ द्यायची नसते. बोळ अडीच फुटांचा आहे, म्हणजे तिरका धिरा बसणार नाही. तुमच्या इमारतीच्या कॉलमवर आडवे टेकू घ्यावे लागतील, तेही तुमच्या इंजिनिअरने कॉलम पाहिल्यावरच. स्लॅबला किंवा विटेच्या भिंतीला टेकवू नका.

पिंपळ मुळासकट उपटायला जाऊ नका. त्याच्या मुळांनी भिंत फोडली आहे आणि आता तीच मुळं तिला धरूनही आहेत. उद्यान विभागाची परवानगी घेऊन फांद्या आधी हलक्या करायच्या म्हणजे वाऱ्याने भिंत हलणार नाही, मग बुंधा कापायचा आणि बुंध्यात औषध भरायचं ते परवानाधारक पेस्ट कंट्रोलवाल्याकडून. मुळं आतच वाळू द्यायची. नुसता वरून छाटला तर एका पावसात दुप्पट येतो.

डासांचं सोपं आहे. डेंग्यूचा डास साचलेल्या स्वच्छ पाण्यात वाढतो आणि अंड्यापासून डास व्हायला आठ-दहा दिवस लागतात. आठवड्यातून एकदा चौकातल्या डबड्या-टायरींतलं पाणी ओतलं तरी बराच फरक पडतो. पण चौकात आड किंवा हौद आहे का, हे भाडेकरूंना नक्की विचारा. जुन्या पेठांत नानासाहेब पेशव्यांच्या काळातल्या कात्रजच्या नळाचं पाणी हौदांना येत असे, आणि बऱ्याच वाड्यांत स्वतंत्र आडही होते. आड कचऱ्याने बुजवला असेल तर त्यावरून चालताना जमीन खचू शकते. उघडा असेल तर जाळी घाला आणि आरोग्य विभागाकडून गप्पी मासे मागा.

कधीतरी वाडा उतरेल, पूर्ण किंवा अर्धा. तेव्हा तुम्हाला काळजी घ्यायची आहे ती उतरवण्याच्या क्रमाची. जुनं सागवान महाग आहे आणि ठेकेदार बऱ्याचदा लाकडाच्या बदल्यात काम घेतो, कधी मालकालाच वर पैसे देतो. मग त्याचं लक्ष तुळयांवर असतं. तुळया आधी ओढल्या की भिंती सुट्या उभ्या राहतात, आणि कामगार त्यांच्याखाली असतात. क्रम असा हवा: कौलं, वासे, मग वरच्या मजल्याच्या भिंती हाताने, मग त्या मजल्याचा पाट म्हणजे फळ्यांची जमीन, मग तुळया, आणि असंच खाली. जेसीबी फक्त शेवटी राडा उचलायला. पावसाळ्यात नाही. आणि वाड्याच्या पलीकडच्या बाजूला दुसरा वाडा टेकलेला असेल, तर त्याची आजवर झाकलेली मातीची भिंत उघडी पडेल. तिला त्याच आठवड्यात गिलावा आणि आधार लागतो. तिथल्या लोकांना आत्ताच या चर्चेत घ्या.

हे सगळं व्हायच्या आधीच पाऊस आला, तर काय बघायचं ते सांगतो. माझ्या पाहण्यात भिंती पहिल्या मोठ्या सरीत कमी पडतात. चार-पाच दिवस झड लागते, मग ऊन पडतं, आणि त्या उन्हात किंवा त्या रात्री भिंत बसते. भिंतीतून माती झरण्याचा बारीक आवाज, तडकल्यासारखा लाकडाचा आवाज, कालपर्यंत उघडणारं दार आज अडकणं, पोटाच्या खालच्या विटा बाहेर सरकणं, यांतलं काहीही दिसलं तर १०१ ला फोन, बोळाकडच्या तुमच्या खोल्या रिकाम्या, आणि मागच्या दोन्ही कुटुंबांना बाहेर काढायचं. त्यांना बाहेर यायला पुढचा दिंडी दरवाजा लागतो का, आणि त्याच्या कुलपाची किल्ली कोणाकडे आहे, हे या आठवड्यात विचारून ठेवा.